वाडा पाहावा मोजून: सोमवार पेठेपासून विश्रामबागेपर्यंतची पायी फेरी

तळखडा (धागाकर्ता)

नमस्कार.

गेल्या महिन्यात नाशिकहून आलेल्या आतेबहिणीच्या आग्रहाखातर मी पैसे भरून पुण्याच्या जुन्या पेठा फिरवून दाखवणाऱ्या एका फेरीला गेलो होतो. फेरी घेणारे तरुण गृहस्थ बोलण्यात तरबेज होते. अडीच तासांत नारायणरावांचा १७७३ मधील खून, ‘काका मला वाचवा’ ही हाक, पौर्णिमेच्या रात्रीचे आवाज आणि मस्तानीच्या गळ्यातून उतरताना दिसणारा विडा, असे सगळे आम्ही ऐकले. मात्र ज्या वाड्यांपुढे उभे राहून हे ऐकत होतो ते वाडे उभे कशावर आहेत, हे त्यांनी सांगितले नाही आणि तीस जणांच्या घोळक्यातून कोणी विचारलेही नाही. परतताना बहिणीने मला विचारले, “अरे, पण वाडा आणि चाळ यांत फरक तो काय? लाकडी कठडे तर दोन्हीकडे दिसतात.” पुढच्या रविवारी मी तिला माझ्या वाटेने फिरवले. ती वाट येथे लिहीत आहे. जाणकारांनी भर घालावी आणि चुकले असेल तेथे कान धरावा.

निघण्यापूर्वी एकच गोष्ट समजून घ्यावी. बाहेरच्या जाड भिंती थोडाफार भार घेतात हे खरे, पण वाडा मुख्यतः उभा असतो तो लाकडी सांगाड्यावर, आणि आतल्या पुष्कळशा भिंती ही त्या सांगाड्यातली भरणी असते. खाली काळ्या दगडाचे घडीव जोते, जोत्यावर दगडी तळखडे, तळखड्यावर सागवानी खांब, खांबाच्या डोक्यावर हस्त (दोन्ही बाजूंना पुढे आलेले लाकडी आधार), हस्तांवर तुळई, तुळईवर ओळीने कड्या आणि कड्यांवर फळ्या, म्हणजेच पाट. या शेवटच्या दोहोंना मिळून कडीपाट म्हणतात, आणि त्यावर माती चोपून वरच्या मजल्याची जमीन केली जाते. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. माझे आजोबा कोणाचेही घर सांगताना ‘तीन खणांची ओसरी’, ‘दोन खणी माजघर’ असेच सांगत असत. चौरस फूट हा शब्द त्यांच्या तोंडी कधी आला नाही. लाकूड किती लांबीचे मिळते आणि ते न वाकता किती भार पेलते, यावर खण ठरत असे, आणि खणावर खोली, खोलीवर घर. म्हणून माझी सूचना अशी, की फेरीत सनावळी पाठ करण्यापेक्षा खण मोजावेत.

मी सुरुवात सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीपासून करतो. या मंदिरात लाकडाचा प्रश्नच येत नाही. सगळे काम काळ्या पाषाणाचे आहे. भीमजीगिरी गोसावी यांनी १७५४ मध्ये ते बांधायला घेतले आणि १७७० मध्ये मूर्तीची स्थापना झाली. पुण्यातली पेशवेकालीन मंदिरे बहुतेक साध्या भिंतींची आणि विटा-चुन्याच्या शिखरांची असतात, आणि त्यांच्या शेजारी हे मंदिर एखाद्या दूरच्या मुलखातून उचलून आणल्यासारखे वाटते. दर्शनी भागावर द्वारपाल, हत्ती, पोपट यांच्याबरोबर साखळदंडांनी बांधलेला एक गेंडा कोरलेला आहे आणि तो बांधणारे शिपाई गोऱ्यांच्या पोशाखात आहेत. अठराव्या शतकातल्या पाथरवटाने आपल्या काळातली बातमी देवळाच्या तोंडावर कोरून ठेवावी, याचे मला दर वेळी नवल वाटते. आत दोन संस्कृत लेख आणि एक फारसी लेख आहे. मयूरावर बसलेली तीन सोंडांची मूर्ती पाहायला सगळे जातात. आपण बाहेर थोडे अधिक थांबावे. दगड कसा बोलतो ते येथे एकदा डोळ्यांत बसले, की पुढे त्याच दगडाला वाड्याच्या जोत्यात मुकाट्याने राबताना पाहणे सोपे जाते.

तेथून नागझरी ओलांडून दारूवाला पुलाने कसब्याकडे यावे. नागझरी म्हणजे आज नाक धरून ओलांडायचा नाला आहे, पण जुन्या वस्तीची एक बाजू तिनेच आखून दिली होती, हे विसरू नये. कसबा पेठेत आळ्यांची नावे वाचत चालावे: तांबट आळी, बुरूड आळी, शिंपी आळी, भोई आळी, कागदीपुरा. प्रत्येक नाव म्हणजे एक धंदा, आणि प्रत्येक धंद्याने आपल्या सोयीचे घर बांधून घेतले. तांबट आळीत खाली काम आणि वर बिऱ्हाड अशी रचना अजून ओळखू येते. आम्ही गेलो तेव्हा एका ओट्यावर एक वृद्ध कारागीर घंगाळ मठारत होते. ऐरणीवर घंगाळ डाव्या हाताने तसूभर फिरायचे आणि उजव्या हातातली हातोडी त्याच जोराने पुन्हा पडायची; ठोक्याशेजारी ठोका, ओळीशेजारी ओळ, आणि त्या प्रत्येक ठोक्याच्या चकाकत्या खळग्यात समोरच्या दाराचे छोटेसे प्रतिबिंब. बहिणीने विचारले की ही नक्षी आहे का. ते म्हणाले, “नक्षी नंतर दिसते, बाई. आधी पत्रा कठीण होतो.” वास्तुकलेवरचे एवढे नेमके वाक्य मी त्या पैसे भरलेल्या फेरीत ऐकले नव्हते.

कसबा गणपती आणि लाल महाल ही ठिकाणे वाटेवरच आहेत. गणपती ग्रामदैवत म्हणून हात जोडावेत. लाल महालाची आजची इमारत महापालिकेने १९८०च्या दशकात उभारलेली आहे. स्मारक म्हणून तिचे मोल आहे, पण शहाजीराजांच्या वेळचे बांधकाम म्हणून ती पाहू नये.

शनिवारवाड्यापाशी मात्र माझे आणि इतर वाटाड्यांचे मार्ग वेगळे होतात. १० जानेवारी १७३० रोजी भूमिपूजन आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत, दिल्ली दरवाजासह पाच दरवाजे आणि नऊ बुरूज ही माहिती फलकावर मिळते. मला सांगायचे आहे ते असे, की शनिवारवाडा हा वाडा कसा असतो ते पाहण्याचे ठिकाण नाही. वाड्यातून लाकूड वजा केले तर काय उरते ते पाहण्याचे आहे. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत आतले महाल गेले. तट राहिला, बुरूज राहिले, हौद आणि कारंज्यांची दगडी पात्रे राहिली, आणि राहिली ती जोती. हिरवळीत मांडलेली ही जोती पाहून लोक “आत काही नाही” म्हणून परततात. एका जोत्यावर चढून उभे राहा आणि डोळ्यांपुढे खांबांची रांग उभी करा. मग ती रांग पाहायला पुढे नाना वाड्यात आणि विश्रामबागेत जायचे आहे.

नाना वाडा शनिवारवाड्याच्या शेजारीच, नाना फडणवीसांनी १७८० मध्ये बांधलेला. रस्त्यावरून ब्रिटिश काळातला दगडी भाग पुढे दिसतो आणि त्यामुळे पुष्कळांना ही जुनी शाळा किंवा कचेरी वाटते. आतल्या दिवाणखान्यातले सुरूचे, म्हणजे सुरूच्या झाडाच्या घाटाचे लाकडी खांब पाहायला मिळाले तर अवश्य पाहावेत.

पण ज्यांना एकच ठिकाण पाहायचे आहे त्यांनी विश्रामबागवाड्यापुढे अर्धा तास काढावा. दुसऱ्या बाजीरावांनी हा वाडा एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधून घेतला. म्हणजे पेशवाईला उणीपुरी दहा वर्षे उरली होती. राज्य मोडकळीला आले असताना सुतारकाम मात्र इतके पक्व कसे, हा विचार त्या दर्शनी सज्जाखाली उभे राहून मनात आल्याशिवाय राहत नाही. सुरूचा खांब तळाशी कमळाच्या पाकळ्यांतून उगवतो, मध्ये किंचित फुगतो, वर निमुळता होत जातो आणि त्याच्या माथ्यावरून दोन्ही बाजूंना महिरपी सुटतात. हे सगळे सौंदर्य म्हणून पाहाच, पण एकदा हेही पाहा की महिरप तेथे भार घेत नाही. भार तिच्यावरच्या तुळईवर आहे. महिरप ही दोन खांबांमध्ये बसवलेली कोरीव लाकडी फळी आहे. दगडी कमानीत एक दगड काढला तर कमान ढासळते, येथे महिरप काढली तरी वाडा उभा राहील, फक्त उघडाबोडका दिसेल. शनिवारवाड्याच्या जोत्यावर जे कल्पनेने उभे केले होते, ते येथे प्रत्यक्ष हाताला लागते.

आम्ही सकाळी साडेसहाला निघालो आणि रमतगमत साडेदहाला पोहोचलो. यापेक्षा उशीर केला तर बाजीराव रस्त्यावर वर पाहत उभे राहणे जिवावर बेतते.

---

कल्हईवाला

लेख आवडला. एक दुरुस्ती सुचवतो: फेरी रविवारी काढू नका. तुम्हाला एक कारागीर काम करताना भेटला हे तुमचे नशीब. कामाच्या दिवशी नऊनंतर आळीत शिरलात, तर आवाज आधी ऐकू येतो आणि आळी नंतर दिसते. तांबट मंडळी पेशव्यांच्या काळात कोकणातून येथे आली. तोफा, नाणी आणि भांडी अशी सगळ्यांची मागणी दरबाराला होती. बंब आणि घंगाळे घराघरांतून गेली, आता हीच मंडळी दिवे आणि शोभेच्या वस्तूंवर तीच मठार चालवतात. आणि कृपा करून छायाचित्र काढण्यापूर्वी विचारावे. ठोका चुकला तर पत्र्यावरचा डाग भट्टीत घालूनही जात नाही.

---

इतिहासवेडा_कोथरूड

आपण शनिवारवाड्याच्या तटाविषयी महत्त्वाची गोष्ट सांगितली नाही. तटाचा खालचा भाग दगडी आणि वरचा विटांचा का आहे? सबंध वाडा दगडी बांधायचा बेत होता, पण दगडी किल्ला बांधण्याचा अधिकार छत्रपतींचा आहे, असा आक्षेप साताऱ्याहून आला आणि मग वरचे काम विटांत केले गेले, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वास्तूविषयीच्या फेरीत हे यायलाच हवे.

---

तळखडा

@इतिहासवेडा_कोथरूड, ही कथा मी मुद्दाम टाळली, आणि त्याचे कारण वाटेतच आहे. कसब्यातल्या कोणत्याही बऱ्यापैकी जुन्या वाड्याची बाहेरची भिंत पाहा. खाली कमरेएवढा किंवा पुरुषभर ताशीव दगड, वर चपट्या, पातळ विटा आणि चुन्याचा गिलावा. तो वाडा सावकाराचा असो, वैद्याचा असो की भटजीबुवांचा. त्यांना साताऱ्याहून कोणी पत्र पाठवले नव्हते. दगड जमिनीची ओल वर चढू देत नाही, म्हणून खाली दगड; वीट हलकी, भराभर रचता येणारी आणि येथल्याच मातीची, म्हणून वर वीट. पुण्याच्या गवंड्याची ती रोजची रीत होती. कथेमुळे तट पाहायला माणसे येतात हे मान्य आहे, पण कथा ऐकली की ती भिंतीकडे पाहणे थांबवतात, ही माझी तक्रार आहे.

---

वऱ्हाडी पाहुणी

धागा उत्तम आहे, परंतु आतेबहिणीच्या प्रश्नाचे उत्तर आपण शेवटपर्यंत दिलेच नाही. मलाही तोच प्रश्न आहे. आमच्याकडे नागपुरात महाल भागात जे वाडे आहेत त्यांचे लाकूडकाम पाहिले, तर गिरगावच्या चाळीचे कठडे आठवतात. मग वाडा कोणता आणि चाळ कोणती?

---

तळखडा

@वऱ्हाडी पाहुणी, आपण पकडलेत. बहिणीनेही घरी आल्यावर हेच सुनावले.

वाड्याची पाठ रस्त्याकडे असते आणि तोंड चौकाकडे. रस्त्याच्या बाजूला भिंत जाड, खिडक्या थोड्या आणि त्याही बहुधा वरच्या मजल्यावर. दरवाजा मोठा, त्यात ये-जा करायचे लहान दार म्हणजे दिंडी, आत शिरताच दोन्ही हातांना पहारेकऱ्यांच्या देवड्या. तेथून चौकात आल्यावर मग घर उघडते: चारी बाजूंना सोपे, म्हणजे चौकाकडे उघड्या ओसऱ्या, त्यांना लागून खोल्या, आणि उजेड, वारा, पाऊस, सगळे येणार ते आभाळातून, चौकात. मोठ्या वाड्याला चौक वाढतात, विश्रामबागेला असे तीन आहेत. पहिल्या चौकात कारभार, आतल्या चौकात कुटुंब, मागच्या बाजूला आड, तुळशीवृंदावन, गोठा. म्हणजे रस्त्यापासून जितके आत जावे, तितके घर अधिक खासगी होत जाते. चाळीत असे आत जाणे नाही. ती पहिल्या दिवसापासून भाड्यासाठी बांधलेली असते. सारख्या खोल्यांची रांग आणि पुढून जाणारी सामाईक गॅलरी, प्रत्येक खोली बाहेरून तितकीच जवळ किंवा तितकीच लांब. कठडे सारखे दिसतात, कारण सुतार तेच होते.

घोटाळा झाला तो पुढे. विसाव्या शतकात पुण्याच्या वाड्यांमध्ये एकेका सोप्याला पडदी घालून बिऱ्हाडे ठेवली गेली, चौकात नळ आला, जिन्याखाली बंब आला, आणि वाडा आतून चाळीसारखा राहू लागला. आज आपण जे पाहतो ते पुष्कळदा हे तिसरेच रूप असते.

---

सावकाराचा नातू

मी या धाग्यावर लिहिणार नव्हतो, पण तिसऱ्या रूपाचा उल्लेख झाला म्हणून लिहितो. मी अशाच एका वाड्यात राहतो आणि मालकांपैकी एक आहे. ‘एक’ म्हणालो कारण सात-बाराच्या उताऱ्यासारखी आमच्या मालमत्तापत्रकावर नावांची रांग आहे, आणि त्यातली निम्मी माणसे मी लग्नकार्यातच पाहिली आहेत.

तळखडा यांनी लाकडी सांगाड्याचे जे वर्णन केले ते तंतोतंत खरे आहे, फक्त त्याला माझ्या बाजूने पुढचे वाक्य जोडतो. सांगाडा जोवर कोरडा आहे तोवर टिकतो. वरच्या कौलांतले एक सरकले, पावसाचे पाणी भिंतीच्या पोटात शिरले आणि तुळईचे जे टोक भिंतीत गाडलेले असते तेथे साचले, की ते टोक आतून कुजते. बाहेरून काही दिसत नाही. आमच्याकडे माडीवरची जमीन एका कोपऱ्यात दोन बोटे खाली गेली, तेव्हा आम्हाला कळले. सुताराने टोचा मारला तर तो मुठीपर्यंत आत गेला. वर मातीची जमीन, म्हणजे ओली झाली की वजन आणखी वाढते. दरवर्षी पावसाळ्याआधी कौले परतून घेणे हा आमच्या आजोबांच्या काळी ठरलेला खर्च होता, आणि तेवढा एकच खर्च वाडा जगवत होता.

तो का थांबला, हेही फेरीत सांगत जा. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. ज्या कुटुंबाला त्या काळी परवडावे म्हणून तो कायदा आला, त्यांच्या दृष्टीने तो योग्यच होता, आणि आमच्याकडची बिऱ्हाडकरू माणसे घरच्यासारखीच होती. पण १९९९ मध्ये नवा कायदा होईपर्यंत जी दोन पिढ्यांची वर्षे गेली, त्यांत एका बिऱ्हाडाच्या वर्षभराच्या भाड्यात कौले परतणाऱ्या गड्याची दोन दिवसांची मजुरीही निघत नसे. मालकाने खर्च करायचा नाही, भाडेकरूने का करायचा, आणि लाकडाने मात्र भिजत राहायचे.

आणि फेरीवाल्यांना एक विनंती. आमच्या दिंडीतून रविवारी सकाळी वीस-पंचवीस माणसे आत येतात, चौकात उभी राहून “किती छान, किती थंड” म्हणतात, आणि माझी आई दोरीवरचे कपडे काढायला धावते. एकदा एक गृहस्थ मला म्हणाले की तुम्ही हा वाडा पाडणार नाही असे वचन द्या. मी त्यांना मागचा संडास दाखवला, जो चार बिऱ्हाडांत एक होता. ते वचन न घेताच गेले.

---

ओली भिंत (शार्लट, नॉर्थ कॅरोलायना)

सावकाराचा नातू यांचे लिहिणे वाचून आईला फोन केला. ती नारायण पेठेत वाढली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा ती अकरा वर्षांची होती, आणि त्या दिवसाविषयी ती नेहमी पाण्याची उंची सांगत असे. आज प्रथमच मी तिला विचारले की वाडा नेमका कसा पडला. ती म्हणाली, वाडा पडला नाही, विरघळला. आतल्या भिंतींच्या विटा मातीत रचलेल्या होत्या. पाणी ओसरल्यावर ती आणि माझे आजोबा परत आले, तेव्हा खांब उभे होते, वरचा कडीपाट जागच्या जागी होता, आणि स्वयंपाकघर व माजघर यांच्यामधली भिंत चिखल होऊन खाली बसली होती. देवघराच्या कोनाड्यातला समईचा पितळी भाग त्या ढिगाऱ्यात मिळाला.

धागाकर्त्याने लिहिलेले ‘भिंत ही भरणी असते’ हे वाक्य तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, “हे आम्हाला एका दुपारीत समजलं.” नंतर तो उभा राहिलेला सांगाडाही धोकादायक ठरवून उतरवला गेला, लाकूड विकले गेले, आणि घर सहकारनगरला गेले. नदीकाठच्या पेठांत आज जुने वाडे इतके तुरळक का, याचे निम्मे उत्तर त्या एका दिवसात आहे, असे मला वाटते.

---

उच्छ्वास

लाकूड, दगड, वीट यांवर सर्वांनी लिहिले, पाणी राहिले. या फेरीत फडके हौद चौकातून जावे लागते आणि कोणी विचारत नाही की हौद कुठे आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजला तलाव बांधून तेथून शहरापर्यंत जमिनीखालून दगडी नळ आणला गेला. पंप नाही, रहाट नाही, केवळ उतार. मधूनमधून हवा आणि साफसफाई यांसाठी वर उघडणारी उभी भुयारे ठेवली, त्यांना उच्छ्वास म्हणतात, आणि गाळ खाली बसावा म्हणून वाटेत टाक्या ठेवल्या. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही सगळी त्या पाण्याची शहरातली तोंडे. ज्यांच्या वाड्यात आड होता त्यांचे भागत होते. ज्यांच्याकडे नव्हता त्यांच्यासाठी हे चौकाचौकातले हौद होते. शनिवारवाड्यातले सोळा पाकळ्यांचे हजारी कारंजेही याच कात्रजच्या उतारावर उडत असे. म्हणून तळखडा यांनी शनिवारवाड्यात जोत्यांबरोबर त्या कारंज्याचे तळही वाचावेत. इमारतीचा अर्धा भाग जमिनीखाली आहे.

---

रंगमहाल

शनिवारवाड्याच्या जोत्यावर उभे राहून खांबांची रांग कल्पनेने उभी करायची, असे लेखात म्हटले आहे. तेवढी कल्पना करण्याची गरज नाही. थॉमस डॅनियल या चित्रकाराने १८०५ मध्ये पूर्ण केलेले पेशवे दरबाराचे एक मोठे तैलचित्र आहे. त्यात पुण्यातला इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट सवाई माधवरावांच्या दरबारात १७९० च्या, टिपूविरुद्धच्या तहाचा कागद सादर करत आहे. डॅनियल त्या दरबारात नव्हता. पुण्यात राहून रेखाटने केली होती ती जेम्स वेल्सने, आणि तो १७९५ मध्ये वारल्यावर ती डॅनियलच्या हाती गेली. माणसांच्या चेहऱ्यांसाठी हे चित्र सगळे पाहतात. मागे पाहा. सुरूचे खांब आणि त्यांच्यावरच्या महिरपी त्यात आहेत. मी त्याची प्रत फोनवर घेऊन विश्रामबागेच्या सज्जाखाली उभा राहिलो होतो, आणि दोन्हीकडच्या महिरपींचा घाट एकाच घराण्यातला दिसला.

---

मंडईकर

एवढे चालून विश्रामबागेपाशी थांबता आणि दहा मिनिटांवरची तुळशीबाग आणि मंडई सोडता? मंडईच्या अष्टकोनी मनोऱ्याखाली उभे राहिल्याशिवाय पुण्याची फेरी पुरी होत नाही. १८८६ मधली इमारत आहे, आणि वासुदेव बापूजी कानिटकरांसारख्या येथल्याच बांधकाम व्यावसायिकाने उभारलेली आहे.

---

तळखडा

@मंडईकर, मंडई मी सोडली ती कंटाळ्याने नव्हे. ती वाड्याच्या वंशातली नाही. तिथे दगडी कमानी खरोखरच भार घेतात, मधला मनोरा गॉथिक आहे, आणि ती शहराने शहरासाठी बांधलेली इमारत आहे. तिला उरलेल्या दहा मिनिटांत बसवणे हा तिच्यावर अन्याय होईल. शिवाय नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा फुल्यांनी ज्या खर्चाला विरोध केला, त्याच इमारतीला पुढे त्यांचे नाव मिळाले, ही हकिकत उभ्या उभ्या सांगण्यासारखी नाही. तुळशीबागेच्या रामाचे शिखर मात्र मी घेतो, कारण नारो आप्पाजी खिऱ्यांनी बांधलेल्या त्या मंदिराच्या आवारात अजून लाकडी सभामंडप पाहायला मिळतो. चूक मान्य.

@रंगमहाल, पुढच्या वेळी आपली प्रत छापून सोबत नेतो. @उच्छ्वास, फडके हौद चौकात थांबायची जागा सुचवावी; तिथे रिक्षा माणसाला उभे राहू देत नाहीत.

@सावकाराचा नातू, आपले म्हणणे मनाला लागले. मी स्वतः त्या पंचवीस जणांपैकी एक असू शकेन. पुढच्या बुधवारी (कल्हईवाल्यांचे ऐकून वार बदलला आहे) आम्ही सहा जण निघत आहोत. न विचारता कोणत्याही दिंडीतून आत जाणार नाही.

---

सावकाराचा नातू

सहाच असाल तर या. आईला विचारले आहे, ती हो म्हणाली, पण साडेआठच्या आत नको. पडदी काढून टाकलेला सोपा दाखवतो, तेथे पाच खण एका ओळीत मोकळे आहेत, तुम्हाला मोजता येतील. कोपऱ्यातल्या खांबाला सुताराने खालून नवा तुकडा जोडला आहे, तो सांधाही पाहा. जुन्या लाकडात नवे लाकूड कोणत्या दिशेने बसवावे लागते ते त्याने मला दोनदा समजावले आणि मला अजून नीट कळलेले नाही.

चौकातला आड फळ्यांनी झाकलेला आहे. फळ्या माझ्या आजोबांच्या वेळच्या आहेत. त्यांवर कोणी उभे राहू नये.